कुत्रं बसलं की माणूस थांबते

आधीच सांगून ठेवतो, माही जुली चुकत नाही. सहा वर्षांची लॅब्राडोर आहे, रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. ट्रेनिंग सेंटरवर नऊ महिने आम्ही दोघं संगंच होतो, एकाच पत्र्याखाली. बारूद सापडलं तर ती भुंकत नाही, ओरबाडत नाही, गुपचूप खाली बसते. तिचं काम तिथं संपलं. मंग माहं काम हात वर कराचं. आमच्या धंद्यात एवढा एकच नियम आहे, कुत्रं बसलं की माणूस थांबते. मंग तो आमदाराचा साळा असो नाहीतर कलेक्टरचा बाप.

मी प्रेमानंद, श्वान पथकात हवालदार, नोकरीले एकोणीस वर्षं झाले. डिसेंबरात अधिवेशन नागपूरले आलं की दोन हप्ते आमची ड्यूटी गेटवर. त्या दोन हप्त्यात आमच्या टेबलावर काय काय जमा होते ते पाहाल तर कपाळावर हात माराल. पाण्याच्या बाटल्या, तंबाखू-खर्ऱ्याच्या पुड्या, नेलकटर, भाजीचे डब्बे, काळे मोजे. काळं चालत नाही. आत जाऊन कोणी झेंडा म्हणून फडकवन, म्हणून मोजेही काढाले लावतात. पत्रक चालत नाही, पेपर चालत नाही, मोबाइल तर विचारूच नका. आत गॅलरीत बसले की पायावर पाय टाकाचा नाही, डुलकी घ्याची नाही, टाळी वाजवाची नाही. खाली मंत्री बोलत असला अन् तुम्ही 'हो हो' म्हणून मान हलवली, तरी मार्शल येऊन खांद्यावर बोट ठेवते.

लोकं शिव्या घालतात. "काय बे हवालदार, आमचंच घर आहे ना हे?" असं म्हणतात. मी म्हणतो, घर आहे तर पाय धुऊन ये. नियम मी नाही बनवले, पण बनले आहेत तर पाळा ना लेकहो. एवढ्या वर्षांत मले नियमाचा राग कधी आला नव्हता. आता येते. काहून येते ते ऐका.

मागच्या अधिवेशनाचा दुसरा हप्ता, मंगळवार. साडेअकरा वाजले असतीन. पोलिसांच्या गाडीतून पाच जण उतरले. मोर्चा कितीही मोठा असो, आत पाचच जण सोडतात, हा आमच्याकडचा जुना रिवाज. बाकीचे बॅरिकेडपाशी उन्हात बसतात. या पाचांत पुढं होते रुपराव, पंच्याहत्तरीचे, हातात काठी. सगळ्यात मागं एक बाई, प्रेमिला नावाची, चाळीस-पंचेचाळीसची. तिनं छातीशी एक नायलॉनची पिशवी धरली होती. नागपूरबाहेर, बेसाच्या पलीकडचं गाव त्यांचं. तिथून कंपनीची बस पोरी-बाया गोळा करून बारूदच्या कारखान्यात नेते. सप्टेंबरात त्या कारखान्यात स्फोट झाला अन् नऊ जणी गेल्या. रुपरावची सून त्यात गेली अन् प्रेमिलाची पोरगी काजलही. वीस वर्षांची होती काजल.

हे मले रुपरावनं रांगेतच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाले रांगेत बोलाले कोणीतरी लागते. पुढचं त्यानं आवाज खाली आणून सांगितलं. कंपनीनं चौकशीत लिहून दिलं होतं की काजल बारूदच्या खोलीत कामालेच नव्हती. ती बाहेरच्या शेडमध्ये पुठ्ठ्याचे डब्बे घडी कराची. त्या दिवशी परवानगी नसताना मोबाइल घेऊन आत घुसली अन् त्यानंच स्फोट झाला, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणजे नऊ जणींचं मरण त्या एका पोट्टीच्या नावावर," रुपराव म्हणाले. "गावात बाकी सात घरं या बाईसंगं बोलत नाहीत. पाण्याच्या नळावर भांडं बाजूले सारतात तिचं. आज दोन वाजता मंत्री साहेब उत्तर देणार आहेत. ते एकदा सभागृहात वाचलं गेलं का मंग छापलं जाते. साडेबाराले आमाले भेटाले बोलावलं आहे. त्याच्या आत हिचं म्हणणं त्यांच्या कानावर गेलं पाहिजे."

मी म्हटलं, जाईन ना ते कानावर, पास आहे तर कोण अडवते? असं तोंडानं म्हणून राहिलो अन् जुलीले रांगेच्या कडेनं सोडलं.

तिनं रुपरावची काठी हुंगली, पुढं गेली. मधल्या तिघांचे पाय हुंगले. प्रेमिलाच्या पिशवीपाशी नाक नेलं, मागं आणलं, परत नेलं. अन् बसली.

माहा हात वर गेला. विचार करून नाही, हात आपोआपच जाते. शिटी वाजली, गेट बंद झालं, रांग मागं सारली. बाई तशीच उभी. "काय झालं? काय झालं भाऊ?" एवढंच विचारत होती. सरितानं, म्हणजे आमच्या महिला शिपायानं, तिले हाताले धरून पडद्याआड नेलं. पिशवी जाड सूट घातलेल्या माणसानं दूर नेऊन उघडली. आत काय निघालं? एक पोरीचा पासपोर्ट फोटो अन् एक ओढणी. कधी काळी पांढरी असन. आता पिवळी पडलेली, गळ्यापाशी तर गर्द पिवळी. वास घेणारं मशीन आणलं, तर त्याची बॅटरी उतरलेली. सरकारी मशीन अन् सरकारी चार्जर, दोघांची कधी भेट होत नाही.

बाकी चौघांले आत सोडलं. प्रेमिलाले पत्र्याच्या केबिनमध्ये बसवलं. मी दाराशी जुलीले घेऊन बसलो, सरिता बाईजवळ बसली. भिंतीवर टीव्ही होता, त्यावर सभागृह दिसत होतं, आवाज बारीक.

"भाऊ, साडेबारा होऊन राहिले," प्रेमिला म्हणाली. "मले जाऊ द्या ना. पिशवी ठेवून घ्या, ओढणी तेवढी द्या."

"आज नाही जाता येत माय. ज्याच्यापाशी कुत्रं बसलं त्याचा पास त्या दिवसापुरता रद्द. लिहिलेलंच आहे तसं."

"मी काय आणलं हो असं?"

मी म्हटलं, तूच सांग, ओढणीले काय लागलं आहे?

मंग तिनं सांगितलं. रडत नव्हती, रडणं सरलं होतं तिचं. काजलपाशी कामावरच्या दोन ओढण्या होत्या. एक अंगावर होती, ती तिच्यासंगंच गेली. दुसरी घरी खुंटीवर राहिली, आदल्या दिवशीची. चौदा महिने ती पोरगी बारूदच्या खोलीत नळ्या भरत होती. नखं पिवळे झाले, डोक्याचे पुढचे केस पिवळे झाले. आंघोळ केली की मोरीतलं पाणी पिवळं. हाताचं बारूद तोंडाले कडू लागते म्हणून जेवताना भाकरीले हात लावाची नाही, चमच्यानं भाजीच खाची. हजेरीवर मात्र 'डब्बे विभाग' लिहिलेलं, कारण बारूदमध्ये ठेवाले जे शिकवावं लागते, जे कागद लागतात, ते कोणाचेच केले नव्हते.

"शेजारीण म्हणे, धुऊन ने. मंत्र्यापुढं मळकं कापड नेतात का?" ती म्हणाली. "मी नाही धुतलं. म्हटलं, पिवळं दिसलं तर त्यांले समजन. पुठ्ठ्याच्या डब्ब्याले असा रंग असते का भाऊ?"

बारूद लागलेलं कापड घेऊन ही बाई बारूद हुंगणाऱ्या कुत्र्यापुढून जाणार होती. दुसऱ्या कोणाच्या हे ध्यानात आलं असतं. तिच्या नाही आलं. तिच्या घरात तो वास चौदा महिने चुलीच्या वासासारखा राहिला होता.

थोड्या वेळानं तिनं जुलीकडं पाहिलं. "हे कुत्रं कायले बसलं होतं?"

"बारूद सापडलं की बसते. तेवढंच शिकवलं आहे तिले."

"दुसऱ्या कशाले नाही बसत?"

"नाही."

मंग हळू म्हणाली, "म्हणजे तिले समजलं. माही काजल बारूदमध्येच होती, हे तिले समजलं."

"समजलं."

"हे कोणी लिहून घेते का?"

"मी लिहितो. कुत्रं कोणत्या वेळी बसलं, कशापाशी बसलं, सगळं रजिस्टरात जाते. मंग कापड तपासाले लॅबले जाते."

तेव्हा बाईनं पहिल्यांदा सरितानं दिलेला चहा तोंडाले लावला. गार झाला होता तरी पूर्ण प्याली. मले खोटं बोलता येत नाही, मले त्या वेळी लय बरं वाटलं. म्हटलं, प्रेमानंदा, तुह्या एकोणीस वर्षांत एक कामाची ओळ तू आज लिहिशीन.

एक वाजता गेटवरच्या आमच्या साहेबांनी मले बाहेर बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही. माह्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर दवाखान्यात बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, डिसेंबरात.

"रजिस्टर भरलं का?"

"भरून राहिलो साहेब."

"थांब. आधी ऐक. तू 'बसली' म्हणून लिहिलं, तर गेटवर स्फोटकं सापडली असा त्याचा अर्थ होते. मंग मले सभागृह रिकामं करा म्हणून वर कळवावं लागते. बंद पडते अधिवेशन. टीव्हीवाले बाहेर उभेच आहेत. अन् त्या बाईवर गुन्हा दाखल होते, स्फोटकं बाळगल्याचा. जामीन केव्हा होईन ते मी सांगू शकत नाही."

"साहेब, तिच्या पोरीची ओढणी आहे ती."

"मले माहीत नाही का? कागदाले पोरगी नसते रे. कागदावर एक बाई आहे अन् तिच्या पिशवीत बारूद आहे." त्यांनी रुमालानं मान पुसली. "दुसरा रस्ता आहे. चुकीचा इशारा. कुत्र्याची चूक झाली, तपासात काही मिळालं नाही. बाई चहा पिऊन घरी जाते. सगळे घरी जातात."

"माही जुली चुकत नाही."

"एकदा चुकली म्हणून काय होते? दोनदा चुकली तर पथकातून काढतात, एकदा नाही. विचार कर. तुह्या हातात आहे."

माह्या हातात. वरच्यानं असं म्हटलं का समजून जावं, काहीच आपल्या हातात नाही, फक्त सही आपली आहे.

मी केबिनमध्ये आलो अन् बाईले दोन्ही गोष्टी सांगितल्या. लपवलं नाही. मनात वाटत होतं, ती म्हणन, भाऊ, सोडा मले. मंग मले लिहाले सोपं जाईन.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग विचारलं, "गुन्हा दाखल झाला तर कोर्टात जाईन ना ते?"

"जाईन."

"मंग कोर्ट ओढणी तपासन?"

"तपासन."

"अन् बारूद आहे म्हणून लिहून येईन? सरकारच्या कागदावर?"

"येईन माय, पण तू आत राहाशीन. वर्ष लागन, दोन वर्षं लागतीन."

"राहीन ना. घरी माहं कोण बसलं आहे?" हे ती इतकं साधं बोलली की सरितानं तोंड फिरवलं. "नळावर भांडं ठेवू देत नाहीत मले. तिच्या फोटोवर कोणी शेण फेकून गेलं. आत टाका मले भाऊ. खरं लिहा अन् आत टाका."

मी रजिस्टर घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो. पेन काढला. आता तुम्ही मले काहीही म्हणा. मी मनाले सांगत होतो, बाई दुःखात आहे, तिले जेल काय असते माहीत नाही, आपण तिले वाचवून राहिलो. कोणाले वाचवून राहिलो होतो? मी भेलो होतो. अधिवेशन बंद पाडणारा हवालदार म्हणून माहं नाव टीव्हीवर येईन, चौकशी लागन, बदली होईन, पेन्शनले नऊ वर्षं राहिले, हे सगळं डोक्यात येऊन गेलं. बाई त्यात शेवटी होती. मी लिहिलं, 'श्वान जुली हिने चुकीचा इशारा दिला. तपासात आक्षेपार्ह काही आढळले नाही.' खाली सही, बक्कल नंबर, वेळ एक वाजून पस्तीस मिनिटं.

साहेबांनी वाचलं, पाठीवर हात ठेवला. मंग म्हणाले, "ओढणी तिले परत द्याची आहे. तशीच देऊ नको. पुढच्या नाक्यावर दुसरं कुत्रं आहे, ते बसलं तर परत तमाशा. धुऊन दे."

"धुऊन?"

"नळ आहे ना मागं."

नळ जुलीच्या आंघोळीचा. तिचाच शाम्पू होता तिथं. मी ओढणी बादलीत बुडवली अन् पाणी पिवळं झालं. ओतलं, परत भरलं, परत पिवळं. तिसऱ्या पाण्यात फिकं झालं. गळ्यापाशी शाम्पू लावून चोळली तेव्हा हातात एक लांब केस आला, त्याचं टोक पिवळं होतं. मी तो नळाखाली सोडून दिला. तो काहून सोडला, हे मले आजही सांगता येत नाही. माही लेक तेवढ्याच वयाची आहे, धरमपेठेत कॉम्प्युटरच्या क्लासले जाते. हात धुतले तरी बोटं तोंडाले कडू लागत होते.

केबिनमध्ये आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. टीव्हीचा आवाज सरितानं वाढवला होता, अन् आता तिले तो कमी करता येत नव्हता, कारण बाई टीव्हीसमोर उभी होती. मंत्री साहेब कागद वाचत होते. आवाज एकदम सरळ, दळणाची चिठ्ठी वाचल्यासारखा.

"सदर कामगार महिला ही पॅकिंग विभागात कार्यरत होती. तिने विनापरवानगी प्रतिबंधित क्षेत्रात प्रवेश केल्यामुळे सदर दुर्घटना घडल्याचे प्राथमिक चौकशीत निष्पन्न झाले आहे. मृतांच्या नातेवाइकांचे शिष्टमंडळ आज मला भेटले. त्यांनी याविरुद्ध कोणताही पुरावा सादर केलेला नाही."

वर गॅलरीत रुपराव उभे राहिलेले दिसले, काठी वर करून. एका मार्शलनं येऊन त्यांले खाली बसवलं. टीव्हीवाल्यानं लगेच कॅमेरा दुसरीकडं फिरवला. आत बोलता येत नाही, उभं राहता येत नाही. नियम आहे.

साहेब दारात आले. "चला बाई, तुम्हाले जाता येईन. काही केस नाही."

तिनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. माह्याकडं पाहिलं. "लिहिलं ना भाऊ?"

"लिहिलं," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

मी ओढणी पुढं केली. तिनं घेतली तेव्हा पाणी टपकलं. तिनं ती उलगडली, गळ्यापाशी पाहिली, नाकाले लावली. शाम्पूचा वास येत असन, लिंबाचा. तिचं तोंड कसं झालं ते मी सांगणार नाही, मले ते कोणालेच सांगाचं नाही. ती ओरडली नाही, शिवीही दिली नाही. हळूच खाली बसली, अन् ओल्या ओढणीचं टोक जुलीच्या नाकापुढं धरलं.

जुलीनं हुंगलं. मान तिरपी करून परत हुंगलं. मी मनात म्हटलं, नको. तीन पाण्यात धुतलं आहे, शाम्पू लावला आहे, नको.

जुली बसली.

शेपटी स्थिर, डोळे माह्याकडं, माहा हात वर जाण्याची वाट पाहून राहिलेली. सरितानं पाहिलं, साहेबांनी पाहिलं. साहेब माह्याकडं पाहू लागले.

"थकली असन साहेब," मी म्हटलं. "सकाळपासून उभी आहे." अन् साखळी ओढली. जुली उठली नाही. तिले उठाचं शिकवलंच नाही, हात वर होईपर्यंत. मी परत ओढली, जोरानं, तिच्या गळ्यातून खर्र आवाज आला. एवढ्या वर्षांत मी तिले तसं कधी ओढलं नव्हतं.

प्रेमिलानं माहा हात धरला. हात गार होता, ओला. मंग ती जुलीकडं वाकली अन् तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पोरीच्या केसावरून फिरवावा तसा.

"ऊठ वं पोरी," ती म्हणाली. "नाहीतर चूक तुह्याच अंगावर घालतीन हे."

ती मी अर्ध्या तासापूर्वीच घातली होती.